बासेलमधलं देखणं पण परवडणारं हॉटेल: बुकिंगपासून खोली सोडेपर्यंत

माझी मावसबहीण नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये बासेलला राहते. तिचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यामुळे तिच्याकडे जायचं तर मुक्काम हॉटेलात, हे पहिल्यापासून ठरलेलं. मी तीनदा तिथे राहून आले: एकदा एकटी, एकदा आई-बाबांना घेऊन आणि शेवटी नवऱ्याबरोबर, लहान लेकीला घेऊन. पहिल्या खेपेला बऱ्याच गोष्टी ठाऊक नसल्यामुळे पैसेही जास्त गेले आणि मनस्तापही झाला. आता ओळखीतलं कोणी निघालं की पहिला फोन मला येतो. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

आपल्याकडे स्वित्झर्लंड म्हटलं की डोंगर, बर्फ आणि गाई आठवतात, आणि तिथलं हॉटेल म्हटलं की खिशाला कात्री. बहुतेक लोक तीन रात्री या गावात, दोन रात्री त्या गावात असं करत बॅगा ओढत फिरतात. मला यापेक्षा सोयीचा मार्ग सापडला आहे. जिथे हॉटेलच्या मुक्कामाबरोबर शहरातला ट्राम-बसचा प्रवास मोफत मिळतो असं शहर निवडायचं, तिथल्या एकाच नेटक्या हॉटेलात चार-पाच रात्री बस्तान मांडायचं आणि दिवसा आगगाडीने फिरून रात्री परत यायचं.

## १. आधी शहर ठरवा, हॉटेल नंतर

बासेल, बर्न, जिनिव्हा, लोझान, ल्युसर्न या शहरांत हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला शहरातल्या सार्वजनिक वाहतुकीचं कार्ड किंवा तिकीट मोफत मिळतं. बासेलमध्ये त्याला बासेलकार्ड म्हणतात, बर्नमध्ये बर्न तिकीट. झ्युरिकमध्ये असं काही आपोआप मिळत नाही. तिथलं झ्युरिक कार्ड विकत घ्यावं लागतं. म्हणून दोन शहरांतल्या हॉटेलांचे दर सारखे दिसले तरी खर्च सारखा होत नाही. चार माणसांचं कुटुंब दिवसातून तीन-चारदा ट्रामने जातं, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

बासेलकार्डाने ट्राम आणि बस मोफत होतेच, शिवाय संग्रहालयांचं आणि प्राणीसंग्रहालयाचं तिकीट निम्म्या किमतीत मिळतं. बासेलमध्ये याला मोठा अर्थ आहे. कुन्स्टम्यूझियम या कलासंग्रहालयातल्या संग्रहाचा पाया १६६१ साली घातला गेला. शहराने आणि विद्यापीठाने मिळून एका घराण्याचा खाजगी संग्रह विकत घेतला, तो लोकांसाठी राहावा म्हणून. झ्याँ टिंगेलीच्या हलत्या यंत्र-शिल्पांचं संग्रहालय नदीकाठी आहे, लहान मुलं तिथे रमतात. ६ नंबरच्या ट्रामने रीहेनला गेलात तर वास्तुकार रेन्झो पियानोने बांधलेली बायलर फाउंडेशन या कलासंग्रहालयाची इमारत लागते. आम्ही तीन दिवसांत चार संग्रहालयं पाहिली आणि निम्म्या दराने जे वाचलं, त्यात आमची दोन जेवणं झाली.

शिवाय बासेलहून झ्युरिक, बर्न आणि ल्युसर्न ही तिन्ही शहरं आगगाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहेत. फ्रान्समधलं कोलमार आणि जर्मनीतलं फ्रायबुर्ग त्याहूनही जवळ.

## २. तारखा: इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा जातात

स्वित्झर्लंडच्या मोठ्या शहरांतली हॉटेलं कामासाठी येणाऱ्या लोकांवर चालतात. बासेलमध्ये तर रोश आणि नोव्हार्टिस या दोन औषध कंपन्यांची मुख्यालयंच आहेत. त्यामुळे सोमवार ते गुरुवार दर चढे आणि शुक्रवार ते रविवार उतरलेले, असं चित्र दिसतं. ल्युसर्न किंवा इंटरलाकेनसारख्या फिरायला जायच्या गावांत नेमकं उलटं असतं. शक्य असेल तर शहरातल्या मुक्कामात शनिवार-रविवार येऊ द्या.

काही दिवस मात्र पूर्णपणे टाळा:

- जूनमध्ये आर्ट बासेल हा कलाबाजार भरतो. त्या आठवड्यात साध्या खोलीचेही दर दुपटी-तिपटीच्या पुढे जातात.
- फास्नाख्त हा बासेलचा कार्निव्हल. राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासाचा पहिला दिवस; त्यानंतरच्या सोमवारी पहाटे ४ वाजता शहराचे दिवे मालवतात आणि ढोल-बासऱ्यांच्या मिरवणुका सुरू होतात, त्या तीन दिवस चालतात. तोच पाहायला जाणार असाल तर कितीतरी महिने आधी खोली घ्या. नाहीतर त्या तीन दिवसांत ट्रामचे मार्ग बदललेले, जुन्या शहरात चालायला जागा नाही आणि खोली मिळाली तरी महाग.
- हर्ब्स्टमेसे ही शरद ऋतूतली जत्रा १४७१ पासून भरते. ३० ऑक्टोबरच्या आधीच्या शनिवारी सुरू होऊन दोन आठवडे चालते. दर थोडे वाढतात, पण मला विचाराल तर ही गर्दी सोसण्यासारखी आहे.

या तारखा सोडून मला दोघांच्या नीटनेटक्या खोलीला रात्रीमागे १३० ते १८० फ्रँक पडले. एक फ्रँक म्हणजे शंभर रुपयांच्या वर, हे मनात ठेवूनच हिशेब मांडा.

## ३. ‘स्टेशनजवळ’ म्हणजे कुठल्या स्टेशनजवळ?

बासेलमध्ये दोन मोठी स्टेशनं आहेत. बासेल एसबीबी हे मुख्य स्विस स्टेशन ऱ्हाईन नदीच्या दक्षिणेला, आणि बाडिशर बानहोफ उत्तरेला, ते जर्मन रेल्वेचं आहे. हॉटेलच्या वर्णनात नुसतं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असतं आणि माणूस आपल्याला हवं ते स्टेशन समजून बसतो. नकाशा उघडून नाव वाचा. स्विस शहरांकडे रोज जाणार असाल तर बासेल एसबीबी जवळ हवं.

नदीच्या दक्षिणेचं ते ग्रोसबासेल, म्हणजे थोरलं बासेल. जुने रस्ते, कॅथेड्रल, नगरपालिकेची लाल इमारत हे सगळं तिकडे. उत्तरेचं क्लाइनबासेल, म्हणजे धाकटं. क्लाइनबासेलमध्ये खोल्या थोड्या स्वस्त असतात आणि खायची दुकानंही जास्त. पण क्लाराप्लात्सजवळच्या वेबरगासे आणि ऑक्सेनगासे या गल्ल्यांत वेश्याव्यवसाय चालतो, तो तिथे कायदेशीर आहे. भीती बाळगण्यासारखं काही नाही, मी तिथून रात्री गेले आहे. तरी आई-वडील किंवा मुलं बरोबर असतील तर खोली दोन-तीन रस्ते पलीकडे घ्या.

नव्या माणसाला मी दोन जागा आवर्जून सुचवते. पहिली सांक्ट आल्बान भागातली यूथ होस्टेल. १९व्या शतकातला रेशमी फितींचा कारखाना नव्याने बांधून काढून तिथे ही होस्टेल केली आहे. बाजूने पाण्याचा पाट वाहतो. ‘होस्टेल’ या नावाला बिचकू नका, तिथे दोघांच्या खोल्याही मिळतात. सदस्य नसाल तर रात्रीमागे थोडे जास्त पैसे लागतात, एवढंच. जाता जाता सांगते, या फितींच्या धंद्याला रंग लागत, रंगांसाठी रसायनांचे कारखाने आले आणि त्या रसायनांतूनच आजचा औषधउद्योग उभा राहिला. दुसरी जागा एर्लेनमाट भागातलं सिलो. १९१२ साली धान्य आणि कोकोच्या बिया साठवायला बांधलेलं कोठार आता हॉटेल झालं आहे. जुन्या वस्तूला नवं रूप देताना तिचं जुनेपण न पुसण्याची ही पद्धत मला फार आवडते. चकचकीत संगमरवर नाही, पण नजर सुखावते.

सीमेपलीकडे फ्रान्समधल्या सेंट-लुईमध्ये किंवा जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनमध्ये हॉटेलं स्वस्त दिसतात, बासेलची ट्रामही तिथवर जाते. मोह होतो. पण तिथे राहिलात तर बासेलकार्ड मिळत नाही, आणि व्हिसाच्या हिशेबात त्या रात्री त्या त्या देशाच्या धरल्या जातात. त्याबद्दल सहाव्या मुद्द्यात.

## ४. खोलीचं वर्णन शब्दन् शब्द वाचा

फोटो पाहून खोली घेऊ नका. छान हॉटेलांचे फोटो सगळेच छान असतात. वर्णनातले हे शब्द शोधा.

फ्रेंच बेड. याचा अर्थ साधारण १४० सेंटीमीटर रुंदीचा एकच पलंग. दोघांच्या खोलीत तो असू शकतो आणि दर कमी असण्याचं कारणही बहुतेक तोच असतो. आई-बाबांसाठी मी अशीच खोली घेतली होती. बाबा तीन रात्री कडेला अंग चोरून झोपले. डबल बेड हवा असेल तर रुंदी १६० किंवा १८० आहे ना, ते पाहा. मोठ्या पलंगावर दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं असतात. तिथे सगळीकडे तसंच.

क्षेत्रफळ. शहरातल्या परवडणाऱ्या खोल्या १२ ते १६ चौरस मीटरच्या असतात. १३ चौरस मीटर म्हणजे जवळपास १४० चौरस फूट, त्यात न्हाणीघरही आलं. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. लहान बॅगा न्या.

न्हाणीघराची भिंत. नव्या धाटणीच्या हॉटेलांत शॉवर आणि खोली यांच्यामध्ये नुसती काच असते, कधी ती अर्धीच धुरकट केलेली. नवरा-बायकोला चालेल, आई किंवा सासऱ्यांबरोबर राहायचं असेल तर फार अवघड होतं. फोटोत स्पष्ट दिसत नसेल तर हॉटेलला मेल करून विचारा. अशा मेलला ते सविस्तर उत्तर देतात.

एटागेनदुशे. म्हणजे शॉवर मजल्यावर सामायिक. जुन्या इमारतींतल्या स्वस्त खोल्यांत असतो.

गार्नी. हॉटेलच्या नावापुढे हा शब्द असला तर तिथे नाश्ता मिळतो, जेवणाची सोय नसते.

एसी. बऱ्याच हॉटेलांत नसतो. मे किंवा सप्टेंबरमध्ये गरज पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बासेल चांगलंच तापतं, आणि खिडकी उघडी ठेवून झोपायचं तर खाली ट्राम किंवा दारूचा गुत्ता नको. तेव्हा ‘अंगणाच्या बाजूची खोली द्या’ असं बुकिंगच्या वेळीच लिहा. जुन्या शहरात चर्चच्या घंटा रात्रीही तास मोजतात. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे जवळ असू द्या.

माणसांची संख्या. ‘दोघांच्या खोलीत तिसरं पोरगं सामावून घेऊ’ ही आपली सवय तिथे चालत नाही. खोलीत किती माणसं हे आगीच्या नियमांशी बांधलेलं असतं. तान्ह्या बाळाला पाळणा बहुधा मिळतो, तोही आधी सांगून. मुलाचं वय खरं लिहा आणि गरज असेल तर कुटुंबासाठीचीच खोली घ्या.

## ५. बुकिंग आणि पैसे

आधी मोठ्या बुकिंग संकेतस्थळांवर दर पाहा, मग त्याच तारखांना हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा. पूर्वी संकेतस्थळं करारानेच हॉटेलांना बांधून ठेवत, की स्वतःच्या जागी आमच्याहून स्वस्त विकायचं नाही. १ डिसेंबर २०२२ पासून स्वित्झर्लंडमध्ये कायद्याने अशा अटी बंद झाल्या. त्यामुळे थेट घेतलेली खोली कधी स्वस्त पडते, कधी त्याच पैशांत नाश्ता मिळतो. मी शेवटच्या दोन्ही वेळा थेटच घेतली.

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. पैसे परत न मिळणारा दर दहा-पंधरा टक्क्यांनी कमी दिसतो, पण व्हिसा लांबला तर सगळंच जातं. व्हिसा आल्यावर दर पुन्हा पाहा. उतरला असेल तर नवं बुकिंग करून जुनं रद्द करा.

दिसणाऱ्या रकमेत काय नाही तेही वाचा. शहराचा पर्यटन कर माणशी, रात्रीमागे काही फ्रँक असतो आणि अनेकदा तो वेगळा, हॉटेलातच द्यायचा असतो. मोफत प्रवासाच्या कार्डाची सोय याच करातून होते, म्हणून तो द्यायला मला कधी वाईट वाटलं नाही. नाश्ताही बहुधा वेगळा, माणशी २० फ्रँकच्या आसपास.

कार्डाबद्दल तीन गोष्टी. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. हॉटेलवाले खोलीच्या रकमेइतकी किंवा थोडी जास्त रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस लागतात, तेव्हा कार्डाची मर्यादा पुरेशी हवी. आणि कार्ड मशीनने ‘रुपयांत की फ्रँकमध्ये’ असं विचारलं तर दर वेळी फ्रँक निवडा. रुपये निवडले की दर ते ठरवतात, आणि तो आपल्या तोट्याचा असतो.

## ६. व्हिसासाठी हॉटेलचे कागद

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर द्यायचा, मुंबईत आणि पुण्यात केंद्रं आहेत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीत गर्दी होते, म्हणून निदान दोन महिने आधी द्या. हॉटेलशी संबंधित आणि बाकीचे कागद असे:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा
- प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग, एकही रात्र मधे सुटता कामा नये
- त्या बुकिंगवर अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पासपोर्टावर आहे तसंच
- विमानाचं जाण्या-येण्याचं बुकिंग
- किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा
- बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं रजेचं पत्र किंवा व्यवसायाचे कागद
- फोटो आणि भरलेला अर्ज

नावांचा मुद्दा ठळक करण्याचं कारण आहे. बुकिंग मी केलं होतं, म्हणून कागदावर फक्त माझं नाव आणि पुढे ‘तीन प्रौढ’ एवढंच आलं होतं. केंद्रावर आई-बाबांच्या नावांचा कागद मागितला आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. हॉटेलला मेल केला, की सगळ्या नावांसह पत्र पाठवतात. ते आधीच मागवून ठेवा.

दुसरा सापळा सीमेपलीकडच्या स्वस्त हॉटेलांचा. ज्या देशात तुम्ही जास्तीत जास्त दिवस राहणार, व्हिसा त्याच देशाकडे मागायचा असतो. दिवसभर बासेलमध्ये फिरून चार रात्री फ्रान्समध्ये आणि दोनच स्वित्झर्लंडमध्ये असं बुकिंग दाखवलंत, तर अर्ज चुकीच्या दारी गेला असं ठरू शकतं.

## ७. बॅगेत काय, आणि काय नाही

स्विस सॉकेट षटकोनी, आत खोल आणि तीन भोकांचं असतं. मोबाइल चार्जरचा बारीक गोल दोन पिनांचा चपटा प्लग त्यात बसतो. पण आपल्याकडे ‘युरोप ॲडॉप्टर’ म्हणून मिळणारा जाड गोल ठोकळा त्या खाचेत जातच नाही. दुकानात ‘स्वित्झर्लंडचा’ असं सांगूनच घ्या.

खाण्याचं सामान नेताना आई ऐकत नव्हती, तेव्हा मी नियम वाचून दाखवले. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, चक्का, पनीर काहीही नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हेही प्रमाणपत्राशिवाय नाही. चिवडा, भाकरवडी, खाकरे, मेतकूट, सुकी चटणी आम्ही दर वेळी नेली, अडचण आली नाही. खोलीत शिजवण्यासाठी इंडक्शनची शेगडी किंवा छोटा कुकर नेऊ नका. धुराने गजर वाजला तर अग्निशमन दल खरंच येतं आणि त्याचा खर्च पाहुण्याकडून वसूल होऊ शकतो.

खोलीत किटली असेलच असं नाही. आई-बाबांना पहाटे चहा लागतो, म्हणून मी ते मेलमध्येच विचारलं आणि किटली खोलीत ठेवलेली मिळाली.

## ८. पोचल्याचा दिवस

मुंबईहून झ्युरिकचं थेट विमान रात्री निघतं आणि सकाळी लवकर उतरतं. खोली मिळते दुपारी २ किंवा ३ वाजता. हे मधले तास नीट आखले नाहीत, तर पहिलाच दिवस रिसेप्शनच्या खुर्चीत जातो.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तिथे वेळ धरा. मग विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बासेलला थेट गाड्या आहेत, सव्वा तासाच्या आसपास लागतो.

बासेल एसबीबीला उतरलात की हॉटेलच्या कन्फर्मेशनचा कागद हातात घ्या. त्या दिवशी स्टेशनपासून हॉटेलपर्यंत तोच तुमचं ट्रामचं तिकीट असतो. पहिल्या वेळी मला हे माहीत नव्हतं. मशीनवर तिकीट काढलं आणि नंतर हॉटेलात कळलं. कागद छापून न्या, फोनची बॅटरी नेमकी अशा वेळी संपते.

बासेलच्या विमानतळावर उतरणार असाल तर तो विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. बाहेर पडताना स्विस बाजूची पाटी पाहा. तिथून ५० नंबरची बस बासेल एसबीबीला जाते. त्या बसलाही तोच कागद चालतो.

हॉटेलात बॅगा ठेवून घेतात, पैसे लागत नाहीत. तेव्हाच नम्रपणे दोन गोष्टी विचारा: बासेलकार्ड आत्ता देता का, आणि खोली लवकर रिकामी झाली तर कळवाल का. परदेशी पाहुण्याने नोंदणीचा फॉर्म भरणं कायद्याने सक्तीचं आहे, तो पासपोर्ट पाहूनच भरून घेतात.

रात्री उशिरा पोचणार असाल तर एक खबरदारी घ्या. लहान हॉटेलांत रात्री रिसेप्शनवर कोणी नसतं, दाराचा आकडी कोड मेलवर येतो. तो मेल विमानात बसण्याआधीच फोनमध्ये साठवून ठेवा. रस्त्यावर उभं राहून इंटरनेट शोधायची वेळ येऊ देऊ नका.

रिसेप्शनवर पहिला शब्द अभिवादनाचा असू द्या. ‘ग्रुएत्सी’ हा झ्युरिककडचा शब्द, बर्नमध्ये ‘ग्रुएसेख’, बासेलमध्ये ‘गुएते दाग’. आभारासाठी ‘मेर्सी’ सगळीकडे चालतं. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण त्यांच्या बोलीतला एक शब्द ऐकून समोरचा चेहरा खुलतो, हे मी दर वेळी पाहिलं.

## ९. खोलीत राहताना

लिफ्टमध्ये रस्त्याच्या पातळीचा मजला ‘ई’ किंवा ‘ईजी’ असा लिहिलेला असतो, ‘यूजी’ म्हणजे तळघर.

खिडकीचा दांडा खाली असला की बंद, आडवा केला की झडप आत उघडते आणि वर केला की खिडकी वरून थोडीशी कलते. वर केल्यावर ती निसटल्यासारखी वाटते आणि बाबा घाबरून तिला धरून उभे राहिले होते. ती तशीच असते. रात्री तशीच ठेवून झोपा, हवा खेळती राहते.

नळाचं पाणी प्या. बासेलमधल्या रस्त्यावरच्या कारंज्यांचंही पिता येतं, त्यातल्या बासिलिस्क या काल्पनिक सर्पपक्ष्याच्या छोट्या हिरव्या पुतळ्याच्या तोंडातून येणारं पाणी माझी लेक बाटलीत भरून घ्यायची. जिथे पिण्याजोगं नसतं तिथे ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते. पाण्याची बाटली विकत घेण्यावर एक फ्रँकही घालवू नका.

शौचालयात जेट स्प्रे नसतो, आपली छोटी बाटली न्या. शॉवरखालचा उतार कमी असेल तर पाणी बाहेर येतं, आणि न्हाणीघराच्या जमिनीला बाहेर मोरी नसते. बादली-तांब्याची सवय असलेल्या मोठ्यांना हे आधी समजावून सांगा.

रात्री १० ते सकाळी ७ शांतता पाळतात, मनापासून पाळतात. घरच्यांशी व्हिडिओ कॉल करताना हा वेळ ध्यानात ठेवा. भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो.

## १०. खाणं

२० फ्रँकचा नाश्ता रोज घेऊ नका. एक दिवस घ्या, त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं ठेवा. बाकीचे दिवस कूप किंवा मिग्रोस या सुपरमार्केटांतून पाव, दही, फळं आणा. दोन्ही दुकानांची साधी उपाहारगृहंही असतात, तिथे हॉटेलपेक्षा बरंच स्वस्त पोट भरतं. रविवारी दुकानं बंद, मात्र बासेल एसबीबी स्टेशनमधली उघडी असतात. शनिवारी संध्याकाळीच रविवारची तजवीज करा.

शाकाहारी असाल तर टिबिट्स हे उपाहारगृह लक्षात ठेवा. ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. बासेल, बर्न, ल्युसर्न, झ्युरिक सगळीकडे त्यांच्या शाखा आहेत. झ्युरिकला गेलात तर १८९८ पासून चालू असलेलं हिल्टल हे शाकाहारी उपाहारगृह आहे. काटेकोर शाकाहारी लोकांनी चीज विचारून घ्यावं, ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. काही दह्यांत जिलेटिनही असतं.

टिप द्यायचं दडपण नको. १९७४ पासून सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात. सेवा आवडली तर वरची रक्कम पूर्ण करून द्यावी, तेवढं पुरे.

## ११. बासेलहून बाहेर

शहराबाहेरच्या आगगाडीला बासेलकार्ड चालत नाही. देशभर दिवसभर फिरण्यासाठी सेव्हर डे पास असतो. सहा महिने आधीपासून विक्री सुरू होते, जितका लवकर घ्याल तितका स्वस्त. ट्रामसुद्धा सीमा ओलांडतात, ८ नंबरची जर्मनीत आणि ३ नंबरची फ्रान्समध्ये जाते. कार्डावर लिहिलेले झोन वाचून बसा, तिकीट तपासनीस साध्या कपड्यांत असतात. सीमेपलीकडे जाताना पासपोर्ट खिशात हवाच.

## १२. खोली सोडताना

खोली सोडायची वेळ ११ किंवा १२ची. उशीर झाला तर पैसे लावतात, म्हणून आदल्या रात्री बॅगा भरा. बिल आदल्या संध्याकाळीच मागून वाचा. आमच्या बिलात एकदा न घेतलेला नाश्ता धरला होता. दाखवल्यावर काढून टाकला, पण गाडीच्या घाईत तो दिसला नसता.

बॅगा दुपारपर्यंत हॉटेलात राहू द्या. बासेलकार्ड निघायच्या दिवशीही चालतं. कॅथेड्रलच्या मागच्या गच्चीवरून पायऱ्या उतरलात की ऱ्हाईनच्या काठी लाकडी नाव लागते, तिचं नाव ‘लेऊ’. तिला इंजिन नाही. वर ताणलेल्या तारेला बांधलेली, नुसत्या प्रवाहाच्या जोरावर ती पलीकडे जाते. खिशात उरलेली फ्रँकची नाणी भारतात कोणी बदलून देत नाही. आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा त्या नाण्यांतूनच आम्ही तिघांचं भाडं दिलं. पलीकडे पोचल्यावर आई म्हणाली, ‘अगं, अजून थोडी उरली आहेत, परतही यातूनच जाऊ.’